निओव्हिमची उसनी मांडणी दुरुस्त करावी की नव्याने उभारावी?

प्रश्न

नमस्कार. मी मुख्यतः पायथनमध्ये आणि अधूनमधून सी भाषेत प्रोग्रॅमिंग करतो. काही वर्षांपूर्वी निओव्हिम हा कोड लिहिण्याचा एडिटर वापरायला लागलो, तेव्हा इंटरनेटवर कोणीतरी ठेवलेली तयार मांडणी (म्हणजे सेटिंग्जच्या फाइली) मी जशीच्या तशी उचलली. पुढे जी सोय नजरेस पडेल तिचे प्लगइन (एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) त्यात घालत गेलो आणि आज त्या यादीत ६३ प्लगइन आहेत. त्यांतली निम्मी नेमके काय करतात, हे मला सांगता येणार नाही.

निओव्हिमची ०.११ ही आवृत्ती बसवल्यावर सगळ्या अडचणी एकदम वर आल्या. एखादे फंक्शन कुठेकुठे वापरले आहे हे पाहण्यासाठी मी जी आणि आर या दोन कळा दाबतो. पूर्वी यादी लगेच यायची, आता जवळजवळ सेकंदभर काहीच घडत नाही आणि मग ती येते. पायथनच्या फाइलमध्ये टाइप करताना सूचनांच्या चौकटीत प्रत्येक नाव दोनदा दिसते. फाइल सेव्ह केली की काही लांब ओळी तुटतात, पुन्हा सेव्ह केली की त्याच ओळी जुळतात आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात मी न केलेले बदल दिसत राहतात. सीचा प्रकल्प व्यवस्थित कंपाइल होतो, तरीही हेडर फाइल सापडत नसल्याचे सांगून एडिटर जवळपास प्रत्येक फाइल लाल करून टाकतो. एडिटर उघडायलाही आता जाणवण्याइतका वेळ लागतो.

अशा स्थितीत आहे तीच मांडणी दुरुस्त करत बसावे की कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी? आणि कोरी पाटी घ्यायची असेल तर कोणत्या क्रमाने काय घालावे? मला रोजचे काम थांबवता येणार नाही, एवढी एकच अट आहे.

उत्तर १

तुमच्या तक्रारी एकाच वेळी दिसू लागल्या असल्या तरी त्यांचे मूळ एक नाही. एखादे प्लगइन दोषी धरून त्याच्या मागे लागलात तर दिवस वाया जाईल, म्हणून आधी एकेक लक्षण वेगळे करू.

जी-आरच्या विलंबाचे कारण निश्चित सांगता येते. ०.११ पासून निओव्हिमने लँग्वेज सर्व्हरशी (भाषेची जाण असलेल्या, एडिटरबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमशी) संबंधित काही कळा स्वतःच नेमून दिल्या आहेत: नाव बदलण्यासाठी जी-आर-एन, दुरुस्तीच्या कृतींसाठी जी-आर-ए, वापराच्या जागांसाठी जी-आर-आर आणि अंमलबजावणीकडे जाण्यासाठी जी-आर-आय. या सगळ्यांची सुरुवात जी-आरने होते. तुम्ही जी-आर दाबून थांबलात की तिसरी कळ येणार आहे की नाही हे एडिटरला कळत नाही, म्हणून तो ‘टाइमआउटलेन’ या पर्यायात दिलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहतो, आणि ती मुदत मुळात १००० मिलिसेकंद असते. तुम्हाला जाणवणारा सेकंद तो हाच. मुदत कमी करून हा प्रश्न झाकता येतो, पण मग तीन कळांच्या आज्ञा घाईने दाबाव्या लागतात. त्यापेक्षा आपली जुनी नेमणूक काढून टाकून जी-आर-आरची सवय करणे मला योग्य वाटते. कोणत्याही कळेबद्दल अशी शंका आली तर ‘व्हर्बोज मॅप’ ही आज्ञा त्या कळेसह द्यावी. ती नेमणूक कोणत्या फाइलमध्ये झाली आहे हे त्यातून कळते.

उघडण्याच्या वेळेसाठी निओव्हिम ‘स्टार्टअपटाइम’ हा पर्याय आणि एका फाइलचे नाव देऊन सुरू करा. त्या फाइलमध्ये प्रत्येक पायरीला किती मिलिसेकंद लागले याची नोंद होते आणि बहुधा दोन-तीन प्लगइनच बहुतांश वेळ खात असल्याचे आढळते. त्याआधी ‘क्लीन’ हा पर्याय देऊन एकदा उघडून पाहा. तसे केल्याने तुमची मांडणी आणि प्लगइन बाजूला राहतात, आणि तरीही एडिटर रेंगाळत असेल तर शोध दुसरीकडे घ्यायला हवा.

६३ प्लगइनांमधून दोषी शोधायचे झाले तर निम्मी बंद करून पाहणे, मग उरलेल्यांतली निम्मी, असे करत सहा फेऱ्यांत तुम्ही एकावर पोचाल. मात्र ज्या मांडणीतले निम्मे आपल्यालाच माहीत नाही तिच्यावर इतके श्रम घालू नयेत, नवी उभारावी, असे मी सांगेन. काम थांबण्याची भीती बाळगू नका. ०.९ या आवृत्तीपासून ‘एनव्हिम ॲपनेम’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल उपलब्ध आहे. त्यात वेगळे नाव दिले की निओव्हिम त्या नावाच्या फोल्डरातून मांडणी वाचतो आणि प्लगइनही वेगळ्या जागी ठेवतो. जुनी मांडणी कामासाठी तशीच राहू द्या, शेजारी नवी वाढवा, आणि ज्या दिवशी जुनीकडे जाण्याची गरज पडणार नाही त्या दिवशी ती हटवा.

नवी सुरू करताना पहिले दोन-तीन दिवस एकही प्लगइन घालू नका. एडिटरमध्ये मुळातच किती गोष्टी आल्या आहेत हे जुन्या मांडणीमुळे आपल्याला दिसतच नाही. लँग्वेज सर्व्हरशी बोलणारा क्लायंट २०२१ च्या ०.५ पासून अंगभूत आहे. एडिटरकॉन्फिग फाइल (प्रकल्पातले इंडेंटसारखे नियम सांगणारी) वाचण्याची सोय २०२३ च्या ०.९ मध्ये आली. ओळी कॉमेंट करण्याची जी-सी ही आज्ञा २०२४ च्या ०.१० मध्ये आली. कोडची रचना ओळखणारा सी भाषेचा ट्री-सिटर पार्सरही सोबत येतो. तुमच्या यादीत या कामांसाठी किमान तीन-चार प्लगइन नक्की असतील, कारण ज्या काळात ती मांडणी लिहिली गेली त्या काळी त्यांची खरोखरच गरज होती.

त्यानंतर जे अडेल तेवढेच घाला, एका वेळी एक, आणि प्रत्येकासाठी गिटमध्ये स्वतंत्र कमिट (बदलाची नोंद) करा. कमिटच्या संदेशात ते का घातले हे एका वाक्यात लिहा. सहा महिन्यांनी ते वाक्य वाचून कारण पटले नाही, तर प्लगइन काढायला संकोच वाटत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दुहेरी सूचना, तुटणाऱ्या ओळी आणि लाल झालेल्या सी फाइली यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण या तिन्ही गोष्टी एडिटर, लँग्वेज सर्व्हर आणि फॉरमॅटर (कोडची ठेवण एकसारखी करणारे साधन) यांची कामे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या जूनमध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. तोपर्यंत प्रत्येक भाषेची जाण प्रत्येक एडिटरमध्ये वेगळी लिहावी लागत असे, म्हणजे दहा एडिटर आणि दहा भाषा असतील तर शंभर जोडण्या. या प्रोटोकॉलमुळे भाषेची जाण असलेला प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि एडिटर त्याच्याशी जेसन-आरपीसीच्या संदेशांतून बोलतो. फाइल उघडली, मजकूर बदलला, अमुक ओळीच्या अमुक स्तंभावर काय आहे, अशी ती देवाणघेवाण असते. एडिटरला पायथन कळत नाही. तो केवळ निरोप पोचवतो आणि आलेले उत्तर दाखवतो. हे एकदा मनात ठसले की बिघाड कुठे शोधायचा ते आपोआप कळू लागते.

पायथनची फाइल उघडी असताना ‘चेकहेल्थ’ या आज्ञेला लँग्वेज सर्व्हरचा विभाग सांगून चालवा. त्या फाइलला कोणते सर्व्हर जोडले गेले आहेत याची यादी दिसेल आणि माझ्या अंदाजाने तिथे पायराइट आणि पायएलएसपी हे दोन्ही सापडतील. दोघेही तेच नाव सुचवतात, म्हणून ते दोनदा दिसते. दोन सर्व्हर ठेवायला हरकत नाही, पण त्यांची कामे वेगळी हवीत. मी प्रकार तपासणे, व्याख्येकडे जाणे आणि सूचना देणे यांसाठी पायराइट ठेवतो, तर लिंटिंग (संभाव्य चुका दाखवणे) आणि फॉरमॅटिंगसाठी रफ. रफ नावे सुचवतच नाही, त्यामुळे टक्कर होत नाही.

ओळींचा खेळही बहुधा पायएलएसपीमुळेच होतो. पायएलएसपी फॉरमॅटिंगसाठी ऑटोपेप८ वापरू शकतो आणि त्याची मूळ मर्यादा ७९ अक्षरांची आहे, कारण पायथनच्या पेप ८ या शैली-नियमांत तीच दिलेली आहे. ब्लॅक या फॉरमॅटरची मूळ मर्यादा मात्र ८८ आहे. ८३ अक्षरांची ओळ एकाच्या मते लांब आणि दुसऱ्याच्या मते ठीक. एक तोडतो, दुसरा जोडतो. तुमच्या मांडणीत सेव्ह करण्यापूर्वी चालणारी एक आज्ञा आणि सेव्ह झाल्यावर मागून चालणारी दुसरी, अशा दोन असाव्यात. फॉरमॅटर एकच ठेवा, आणि त्याची मर्यादा एडिटरच्या मांडणीत न लिहिता प्रकल्पाच्या पायप्रोजेक्ट टॉमल फाइलमध्ये लिहा. दुसरा एडिटर वापरणाऱ्या सहकाऱ्यालाही मग तेच रूप मिळते, आणि ओळ किती लांब असावी हा निर्णय प्रकल्पाचा असल्यामुळे तो तिथेच शोभतो.

आता सी. क्लँगडी हा सर्व्हर प्रत्यक्ष क्लँग कंपायलरच्या भागांवर उभा आहे, त्यामुळे तुमची फाइल कोणत्या पर्यायांनी कंपाइल होते हे त्याला कळावे लागते. हेडर कोणत्या फोल्डरांत आहेत, कोणते मॅक्रो दिलेले आहेत, भाषेची कोणती आवृत्ती आहे, यातले काहीच सांगितले नाही तर तो अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की पहिल्याच इन्क्लूडच्या ओळीवर अडखळून पुढचे सगळे लाल होते. ही माहिती ‘कंपाइल कमांड्स’ नावाच्या जेसन फाइलमध्ये असते. प्रकल्प बांधण्यासाठी सीमेक हे साधन वापरत असाल तर ‘सीमेक एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स’ हा व्हेरिएबल चालू करा, फाइल बिल्डच्या फोल्डरात तयार होते. साधा मेक असेल तर बेअर नावाच्या साधनाखाली मेक चालवा; ते कंपायलरला दिलेल्या आज्ञा टिपून घेते आणि तीच फाइल लिहून देते. मात्र त्यापूर्वी मेक क्लीन करायला विसरू नका, नाहीतर जे पुन्हा कंपाइल झालेच नाही त्याची नोंद होणार नाही. क्लँगडी ही फाइल स्रोत-फाइलच्या फोल्डरापासून वर वर जात शोधतो आणि वाटेतल्या ‘बिल्ड’ नावाच्या उपफोल्डरांतही पाहतो. दोन-चार फाइलींच्या प्रकल्पासाठी ‘कंपाइल फ्लॅग्ज’ नावाची साधी मजकूर फाइल पुरते, तिच्यात एका ओळीवर एक पर्याय लिहायचा असतो.

पायथनमध्ये याच जातीची एक चूक तुम्हाला आज नाही तर उद्या भेटेल. पॅकेज बसवलेले असूनही पायराइट ‘इम्पोर्ट सापडत नाही’ असे म्हणतो, कारण तो पाथमध्ये प्रथम सापडणाऱ्या पायथनला विचारतो आणि तुमचे पॅकेज व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (त्या प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) असते. टर्मिनलमध्ये एन्व्हायर्नमेंट आधी सक्रिय करून मग निओव्हिम उघडा, किंवा प्रकल्पाच्या मुळाशी पायराइटची मांडणी-फाइल ठेवून त्यात एन्व्हायर्नमेंटची जागा सांगा. या चुकीसाठी लोक प्लगइन बदलत राहिलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्लगइनचा तिच्याशी काहीही संबंध नसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेगळ्या नावाने नवी मांडणी सुरू केली आहे. चेकहेल्थमध्ये अगदी तेच दोन सर्व्हर सापडले. पायएलएसपी काढल्यावर दुहेरी नावे गेली आणि ओळींचे तुटणे-जुळणेही थांबले. माझ्या जुन्या मांडणीत सेव्हवर चालणाऱ्या आज्ञा प्रत्यक्षात तीन होत्या, त्यांतली एक तर दुसऱ्या एका प्लगइनच्या आत दडलेली होती. सीच्या प्रकल्पात बेअर चालवले आणि लाल रेघा नाहीशा झाल्या. ज्या दोन राहिल्या त्या खऱ्या चुका निघाल्या.

आणखी एक अडचण विचारतो. महिन्यातून काही दिवस मला एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राचे टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) एका दूरच्या यंत्रावर काम करावे लागते. तिथे व्हिम ८ (निओव्हिम ज्याच्यापासून निघाला तो जुना एडिटर) आहे, निओव्हिम नाही, आणि त्या यंत्राला इंटरनेट नाही. तिथे कितपत सोय करता येईल?

उत्तर ३

मी वर्षानुवर्षे अशाच यंत्रांवर काम करत आलो आहे, म्हणून हे उत्तर देतो.

व्हिम ८ असणे ही चांगली बाब आहे. २०१६ मध्ये आलेल्या या आवृत्तीत पॅकेजांची सोय अंगभूत झाली, त्यामुळे प्लगइन-व्यवस्थापकाची गरजच उरत नाही. व्हिमच्या फोल्डरात ‘पॅक’, त्याखाली आपल्या पसंतीचे एक नाव आणि त्याखाली ‘स्टार्ट’ असे फोल्डर करा. त्यात ठेवलेले प्रत्येक प्लगइन सुरुवातीलाच लोड होते. ‘स्टार्ट’ऐवजी ‘ऑप्ट’मध्ये ठेवले तर ‘पॅकॲड’ ही आज्ञा देईपर्यंत ते झोपून राहते. आपल्या यंत्रावर हे फोल्डर तयार करून त्याचे एकच बंडल एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणाऱ्या आज्ञेने) पाठवावे. निवडताना मात्र फक्त व्हिमस्क्रिप्टमध्ये लिहिलेली प्लगइन घ्या. लुआवर आधारलेली निओव्हिमची प्लगइन तिथे चालणार नाहीत, आणि ज्यांना नोड किंवा पायथनची साथ लागते त्यांच्यासाठी तुम्ही पुन्हा इंटरनेटच्या दाराशी येऊन थांबाल.

तरीही माझा आग्रह असा की त्या यंत्रावर प्लगइनपेक्षा व्हिमच्या मूळ सोयींवर भर द्यावा. ‘मेक’ ही आज्ञा व्हिमच्या आतून चालवली की कंपायलरच्या चुका ‘एररफॉरमॅट’नुसार वाचल्या जातात आणि क्विकफिक्सच्या यादीत येतात, ‘सीनेक्स्ट’ म्हटले की कर्सर थेट पुढच्या चुकीच्या ओळीवर. सीटॅग्ज (कोडमधल्या नावांची सूची करणारे साधन) चालवून टॅगची फाइल तयार ठेवली तर कंट्रोल आणि उजव्या चौकोनी कंसाने व्याख्येकडे जाता येते, आणि कंट्रोल-टीने परत. ‘पाथ’ या पर्यायात हेडरचे फोल्डर लिहिले की इन्क्लूडच्या नावावर जी-एफ दाबून ती फाइल उघडते. कंट्रोल-एक्सनंतर कंट्रोल-ओ दाबल्यावर मिळणाऱ्या सूचना सी फाइलीत टॅगच्याच आधारे येतात. सीटॅग्जला प्रकारांची जाण नसते, त्यामुळे एकाच नावाची चार फंक्शने असतील तर निवड तुम्हालाच करावी लागेल, पण ते साधन क्षणात काम करते आणि काहीही मागत नाही.

आपल्या यंत्रावरूनच दूरची फाइल उघडण्याचा मार्गही आहे, कारण व्हिमसोबत येणारे नेटआरडब्ल्यू एससीपीच्या पत्त्यावरून फाइल आणून उघडते आणि सेव्ह केल्यावर परत पाठवते. एखादी मांडणी-फाइल बदलायची असेल तर तो उपाय छान आहे. प्रकल्पावर काम करायला तो पुरत नाही, कारण लँग्वेज सर्व्हर तुमच्या यंत्रावर चालतो आणि हेडर व पॅकेजे असतात तिकडे.

उत्तर ४

मी स्वतः व्हीएस कोड हा एडिटर वापरतो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. त्याच्या रिमोट-एसएसएच विस्ताराची रचना वरच्या अडचणीवरच बेतलेली आहे: खिडकी तुमच्या यंत्रावर राहते, तर एक छोटा सर्व्हर आणि भाषांचे विस्तार दूरच्या यंत्रावर चालतात, म्हणजे जिथे कोड तिथेच त्याची जाण. दूरच्या यंत्राला इंटरनेट नसेल तर तो सर्व्हर तुमच्या यंत्रावर उतरवून एसएसएचमार्गे पाठवण्याची सोयही आहे. अडचण एकच, २०२५ मधल्या १.९९ या आवृत्तीपासून दूरच्या लिनक्सवर ग्लिबसी (प्रोग्रॅमांना लागणारी सीची मूळ लायब्ररी) २.२८ किंवा त्याहून नवी असावी लागते. जिथे अजून व्हिम ८ आहे तिथे हे आधी तपासून पाहा.

दुसरी गोष्ट सर्वच एडिटरांना लागू आहे आणि तिच्याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. प्लगइन तुमच्याच अधिकारांनी चालते. तुम्हाला जी फाइल वाचता येते ती त्यालाही येते, तुमच्या एसएसएचच्या किल्ल्यांसकट. व्हीएस कोडमध्ये २०२१ पासून वर्कस्पेस ट्रस्ट आहे. अनोळखी प्रकल्प उघडल्यावर त्यातला कोड आपोआप चालू नये म्हणून तो विश्वासाबद्दल विचारतो. पण तुम्ही स्वतः बसवलेल्या विस्ताराला ती सोय आवर घालू शकत नाही. म्हणून ६३ ही संख्या मला वेगापेक्षा या कारणासाठी अधिक खटकली. त्यांतला प्रत्येक लेखक, आणि ज्याच्या हाती त्याचे खाते पडेल तो प्रत्येक जण, पुढच्या अपडेटसह तुमच्या यंत्रावर येऊ शकतो.

निओव्हिममध्ये लेझी हा व्यवस्थापक वापरत असाल तर तो प्रत्येक प्लगइनचा नेमका कमिट एका लॉक फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल मांडणीसोबत गिटमध्ये ठेवा. अपडेटनंतर काही मोडले तर जुनी लॉक फाइल परत आणून ‘रिस्टोअर’ म्हटले की प्लगइन कालच्या स्थितीत येतात. अपडेट रोज करू नका; ठरवून, हाताशी वेळ असताना करा आणि काय बदलले ते वाचा. प्लगइन नऊ-दहा असतील तर हे वाचन शक्य होते.

उत्तर १ लिहिणारा पुन्हा

वरच्या सुरक्षिततेच्या मुद्द्याला मी माझ्या उत्तरात जागा द्यायला हवी होती. एडिटर बदलण्याविषयी मात्र एक जोडतो. ॲटम हा एडिटर १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आला आणि त्याच्यासाठी लिहिलेली पॅकेजे तिथेच राहिली. पण ट्री-सिटर हा पार्सर त्याच ॲटमच्या परिघात वाढला होता आणि तो आज निओव्हिममध्ये आहे, इमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्येही २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून आहे. इमॅक्सच्या त्याच आवृत्तीत एग्लॉट हा लँग्वेज सर्व्हरचा क्लायंटही अंगभूत झाला. म्हणून प्रश्नकर्त्याने क्लँगडी, पायराइट आणि रफ यांच्या प्रकल्पातल्या मांडणी-फाइली नीट शिकून घ्याव्यात. त्या कोणत्याही एडिटरमध्ये जशाच्या तशा चालतात.

प्रश्नकर्ता

नव्या मांडणीवर तीन आठवडे झाले. यादीत सध्या नऊ प्लगइन आहेत: व्यवस्थापक, फाइल आणि मजकूर शोधण्याचे एक, गिटमधले बदल ओळींच्या कडेला दाखवणारे एक, फॉरमॅटर चालवणारे एक, ट्री-सिटरचे एक, रंगसंगती, आणि यांपैकी काहींना लागणारी तीन. रंगसंगती सोडली तर प्रत्येकाच्या कमिटमध्ये कारण लिहिले आहे. जी-आर-आरची सवय दोन दिवसांत झाली.

दूरच्या यंत्रावर ग्लिबसीची आवृत्ती तपासली. ती २.१७ निघाली, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. तिथे सीटॅग्ज आधीपासूनच बसवलेले होते आणि क्विकफिक्सची यादी मी इतकी वर्षे का वापरली नाही याचे वाईट वाटले. आता पायथनच्या फाइलींसाठी ‘एररफॉरमॅट’ कसे लिहायचे ते व्हिमच्या मदत-पानांत वाचतो आहे. ट्रेसबॅकमध्ये (पायथन दाखवतो त्या चुकीच्या मागात) फाइलचे नाव एका ओळीवर आणि चुकीचा संदेश शेवटी येत असल्यामुळे बहुओळी रचना लिहावी लागते. ती जमली की इथे देईन.